बऱ्हाणपुरात तीनाच्या दोन जागा कशा झाल्या

तापीकाठचे बऱ्हाणपूर शहर आणि त्याच्या चहूबाजूंचा प्रदेश २००८ पूर्वी मध्य प्रदेशाच्या विधानसभेवर तीन आमदार पाठवत असे. बऱ्हाणपूर, शहापूर आणि नेपानगर अशी त्या मतदारसंघांची नावे होती. २००८ मध्ये मतदारसंघांची फेररचना अमलात आली तेव्हा शहापूर हे नाव यादीतून गेले, नेपानगरची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव झाली आणि ज्या टापूत तीन खुल्या जागांवर राजकारण चालत आले होते तिथे एकच खुली जागा उरली. असा बदल झाला की हरलेल्याला त्यात डाव दिसतो, जिंकलेल्याला नियम दिसतो आणि सामान्य मतदाराला बहुधा काहीच दिसत नाही, कारण मतदारसंघाची हद्द शेताच्या बांधासारखी नजरेला पडत नाही. ती राजपत्रातल्या तहसिली, राजस्व निरीक्षक मंडळे आणि पटवारी हलके यांच्या याद्यांत दडलेली असते. बऱ्हाणपुरात डाव झाला की नियम चालला, हा प्रश्न म्हणूनच त्या याद्यांपासून आणि त्यामागच्या भागाकारापासून सोडवावा लागतो.

पक्षाच्या फायद्यासाठी मतदारसंघाच्या हद्दी वाकवण्याच्या उद्योगाला जगभर ‘जेरीमँडरिंग’ म्हणतात. हा शब्द अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या आडनावावरून पडला. १८१२ मध्ये त्यांच्या सहीने राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ नव्याने आखले गेले आणि त्यांतला एक इतका नागमोडी निघाला, की २६ मार्च १८१२ च्या ‘बॉस्टन गॅझेट’ने त्याला पंख आणि नख्या जोडून त्याचे व्यंगचित्र छापले आणि ‘सॅलॅमँडर’ या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या नावाला गेरींचे आडनाव चिकटवले. त्या वर्षीच्या निवडणुकीत विरोधी फेडरलिस्ट पक्षाला सुमारे ५१ हजार ८०० आणि गेरींच्या पक्षाला सुमारे ५० हजार २०० मते पडली, तरीही ४० पैकी २९ जागा गेरींच्या पक्षाने घेतल्या. गेरी स्वतः मात्र त्याच वर्षी गव्हर्नरपदाची निवडणूक हरले, कारण त्या पदासाठी अख्खे राज्य हाच एक मतदारसंघ होता आणि अख्ख्या राज्याची हद्द काही वाकवता येत नव्हती.

कमी मतांत जास्त जागा कशा येतात, हे समजायला मोठे गणित लागत नाही. सारख्या लोकसंख्येच्या पंधरा वस्त्या आहेत, त्यांतल्या नऊ एका पक्षाच्या आणि सहा दुसऱ्या पक्षाच्या, आणि पाच-पाच वस्त्यांचे तीन प्रभाग पाडायचे आहेत, असे समजावे. वस्त्या सरळ वाटल्या, म्हणजे प्रत्येक प्रभागात तीन-दोन अशा घातल्या, तर तिन्ही प्रभाग पहिल्या पक्षाला जातात. पण आखणी दुसऱ्या पक्षाच्या हाती असेल, तर तो पहिल्याच्या पाच वस्त्या एका प्रभागात कोंबतो आणि तो प्रभाग आनंदाने सोडून देतो. मग उरलेल्या दोन प्रभागांत पहिल्याच्या दोन-दोन आणि दुसऱ्याच्या तीन-तीन वस्त्या राहतात आणि पंधरापैकी सहा वस्त्यांचा धनी तीनपैकी दोन प्रभाग जिंकतो. कोंबणे आणि फोडणे या दोनच क्रियांवर हा सारा उद्योग चालतो. कोंबल्याने प्रतिपक्षाची मते गरजेपेक्षा जास्त होऊन वाया जातात, फोडल्याने ती गरजेपेक्षा कमी पडून वाया जातात. लोकसंख्या सर्वत्र अगदी समान ठेवूनही हे करता येते, त्यामुळे समान लोकसंख्येचा नियम हा यावरचा उतारा आहे असे मानणे भाबडेपणाचे ठरते.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत ही आखणी आजही राज्याची विधिमंडळेच करतात, आणि पक्षीय हेतूने केलेल्या आखणीची दाद संघराज्याच्या न्यायालयांकडे मागता येणार नाही, असा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. भारतात लोकसभा आणि विधानसभा यांच्यापुरती वाट वेगळी धरली गेली. इथे संसद कायदा करून परिसीमन आयोग नेमते; १९५२, १९६२, १९७२ आणि २००२ असे चार वेळा तसे कायदे झाले. चौथ्या आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य म्हणून बसतात, बोलू शकतात, लेखी विरोध नोंदवू शकतात, मात्र त्यांना मत नसते. आयोगाचा आदेश राजपत्रात आला की त्याला कायद्याचे बळ येते आणि संसदेला किंवा विधानसभेला त्यात काना-मात्रा बदलता येत नाही.

न्यायालयाचे दारही जवळजवळ बंदच राहिले, आणि ते बंद करणारा निर्णय मध्य प्रदेशातल्याच प्रकरणातून आला. उज्जैनची लोकसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाल्यावर तिथले एक रहिवासी मेघराज कोठारी न्यायालयात गेले आणि १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या कलम ३२९ चा आधार घेऊन, आयोगाच्या प्रसिद्ध झालेल्या आदेशाला आव्हान देता येत नाही, असे सांगितले. प्रत्येक हद्दीवर खटला होऊ लागला तर निवडणूक कधी व्हायचीच नाही, हे त्यामागचे कारण होते आणि ते पटण्यासारखे होते. तब्बल ५८ वर्षांनी, २०२४ मध्ये, गुजरातमधल्या बारडोलीच्या राखीव जागेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने दार थोडे किलकिले केले आणि आदेश उघडउघड मनमानीचा असेल तर न्यायालय तो तपासू शकते, अशी भूमिका घेतली.

बऱ्हाणपूरच्या जागांचे गणित या चौथ्या आयोगाच्या पद्धतीत अडकलेले आहे. राज्याच्या विधानसभेची सदस्यसंख्या २३० हीच ठेवायची होती, कारण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्याराज्यांतल्या जागांचे आकडे गोठवले होते आणि २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ती गोठवणूक २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली होती. आयोगाला मोकळीक होती ती राज्याच्या आतल्या वाटपाची. २००१ च्या जनगणनेत मध्य प्रदेशाची लोकसंख्या ६ कोटी ३ लाख ४८ हजार होती. २३० ने भागले की एका आमदारामागे सरासरी सुमारे २ लाख ६२ हजार माणसे येतात. या सरासरीने प्रत्येक जिल्ह्याच्या लोकसंख्येला भागायचे, अपूर्णांक अर्ध्यापेक्षा जास्त असेल तर वर आणि कमी असेल तर खाली धरायचा, आणि जागा शक्यतो जिल्ह्याच्या हद्दीतच आखायच्या, अशी रीत होती. बऱ्हाणपूर जिल्ह्याची २००१ ची लोकसंख्या ६ लाख ३५ हजारांच्या जवळ. भागाकार येतो २.४२, आणि नियमाप्रमाणे जागा येतात दोन.

या दोन जागांत प्रत्येकी सुमारे ३ लाख १७ हजार माणसे बसली, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा जवळपास २१ टक्के जास्त. तीन जागा दिल्या असत्या तर प्रत्येकीत सुमारे २ लाख १२ हजार माणसे आली असती, म्हणजे सरासरीपेक्षा १९ टक्के कमी. सरासरीपासूनचे अंतर दोन्हीकडे सारखेच मोठे आहे. फरक इतकाच की एका वाटेने बऱ्हाणपूरच्या मतदाराचे मत राज्यातल्या सरासरी मतापेक्षा हलके होते आणि दुसरीने जड. नियमाने हलकी बाजू निवडली. यात कोणाचा हात दिसत नाही, दिसतो तो दशांशचिन्हापुढचा आकडा.

मात्र जिल्हा हे एकक आले कोठून, हे पाहिले की गोष्ट एवढी निर्जीव राहत नाही. बऱ्हाणपूर हा १५ ऑगस्ट २००३ पर्यंत पूर्व निमाड, म्हणजे खंडवा जिल्ह्याचा भाग होता. त्या दिवशी मध्य प्रदेशात बऱ्हाणपूर, अशोकनगर आणि अनुपपूर असे तीन जिल्हे एकदम अस्तित्वात आले. विधानसभेची निवडणूक तीन-चार महिन्यांवर आली होती आणि दिग्विजय सिंह यांचे सरकार दहा वर्षे सत्तेत होते. निवडणुकीच्या तोंडावर नवा जिल्हा देणे हा आपल्याकडचा जुना आणि बिनबोभाट प्रकार आहे. जिल्हा मागणाऱ्यांना कलेक्टर कचेरी जवळ येते आणि देणाऱ्यांना मते मिळण्याची आशा असते. परिसीमन आयोगाने जिल्हे-तहसिलींच्या हद्दी १५ फेब्रुवारी २००४ रोजी होत्या त्या धरल्या, त्यामुळे सहा महिन्यांच्या या नव्या जिल्ह्याला स्वतंत्र भागाकार लागू झाला. जुन्या पूर्व निमाडात सात जागा होत्या आणि त्याची २००१ ची लोकसंख्या १७ लाखांहून थोडी जास्त होती. त्या आकड्याला सरासरीने भागले तर उत्तर साडेसहाच्या अगदी काठावर येते. जिल्हा न फुटता तर सातवी जागा वाचण्याची शक्यता होती. जिल्हा फुटल्यावर खंडव्याच्या वाट्याला चार आणि बऱ्हाणपूरच्या वाट्याला दोन, म्हणजे एकूण सहा जागा आल्या. जिल्हा मागताना या भागाकाराचा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही. जिल्ह्याचा दर्जा मिळवताना बऱ्हाणपूरने बहुधा एक आमदार गमावला.

आता दोनच जागा पाडायच्या तर कशा पाडायच्या? जिल्ह्याचा भूगोल तीन ठळक तुकड्यांचा आहे. मध्ये तापीच्या काठी, फारुकी सुलतानांनी वसवलेले आणि पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्याचे ठाणे झालेले शहर आहे, ज्याच्या जुन्या तटाच्या आतबाहेर यंत्रमागांची खटखट दिवसभर चालते आणि जिथे मुस्लिम लोकसंख्या निम्म्याच्या आसपास आहे. दक्षिणेला शहापूर-इच्छापूरचा सपाट, केळीचा पट्टा आहे. तो रावेर-मुक्ताईनगरच्या शिवाराला जाऊन भिडतो, तिथल्या घरांत मराठी बोलली जाते आणि सोयरिकी जळगाव जिल्ह्यात होतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग मध्य प्रदेशात राहिला, म्हणून तिथला शेतकरी केळी रावेरला विकतो आणि मत भोपाळसाठी देतो. तिसरा तुकडा खकनार-नेपानगरकडचा, सातपुड्याच्या जंगलाचा आणि कोरकू, भिलाला, बारेला वस्त्यांचा, ज्याच्या मधोमध कागदाच्या सरकारी गिरणीभोवती उभे राहिलेले नेपानगर आहे.

तीन तुकडे आणि तीन जागा हा हिशेब जुळून बसत होता. दोन जागा झाल्यावर कोणता तरी तुकडा दुसऱ्यात मिसळणे भाग होते. शहराची लोकसंख्या दोन लाखांहून थोडी कमी आणि जागेला हवीत ३ लाख १७ हजार माणसे. मग शहर मोडून दोन्हीकडे वाटायचे, किंवा ते सलग ठेवून भोवतालची लाख-सव्वा लाख माणसे त्यात आणायची. आयोगाला घालून दिलेल्या कसोट्या, म्हणजे सलगता, नैसर्गिक हद्दी, प्रशासकीय एकके, दळणवळण आणि लोकांची सोय, या सगळ्या दुसऱ्या वाटेकडे बोट दाखवत होत्या. शहापूर शहर आणि त्याचा पट्टा बऱ्हाणपूरला जोडला गेला, डोंगराळ भाग नेपानगरकडे गेला. अनुसूचित जमातींच्या राखीव जागा जिथे त्यांचे प्रमाण सर्वाधिक तिथे द्यायच्या असतात. त्या नियमाने राज्यातल्या ४७ राखीव जागांत नेपानगरचा समावेश झाला.

परिणाम मात्र असा झाला, की एखाद्या कसलेल्या डावपेचखोराने नकाशा आखला असता तरी तो फार वेगळा निघाला नसता. २००३ मध्ये, जुन्या हद्दींवरच्या अखेरच्या निवडणुकीत, बऱ्हाणपूरची जागा राष्ट्रवादी काँग्रेसचे हमीद काझी यांनी जिंकली होती. नव्या हद्दीत शहराच्या मुस्लिम मतांचे वजन केळीच्या पट्ट्यातल्या मतांनी सौम्य झाले आणि २००८ व २०१३ या दोन्ही वेळा भाजपच्या अर्चना चिटणीस निवडून आल्या. हेतू आणि परिणाम यांतले हे अंतर लक्षात ठेवले नाही, तर प्रत्येक प्रतिकूल हद्दीत कट दिसू लागतो आणि खरा कट समोर आला तरी तो ओळखता येत नाही. हद्दीचा आकारही फसवा असतो: खंडवा जिल्ह्यातला हरसूद हा विधानसभा मतदारसंघ लोकसभेसाठी खंडव्याला न जोडता बैतूलला जोडलेला आहे, तर खंडव्याच्या लोकसभा मतदारसंघात देवास जिल्ह्यातले बागली आहे. नकाशात हे विचित्र दिसते, पण विधानसभेच्या आठ-आठ जागांचे संच जुळवताना कुठेतरी जिल्ह्याची शीव ओलांडावीच लागते.

रेषा मात्र आखून झाल्यावरही स्वस्थ बसत नाही, आणि बऱ्हाणपुरात हे फार स्पष्ट दिसते. पूर्वी शहापूर, नेपानगर आणि बऱ्हाणपूर अशा तीन खुल्या जागांवर वाटले जाणारे सगळे खुल्या प्रवर्गातले इच्छुक आता एकाच तिकिटाच्या दारात उभे राहिले. शहापूरच्या नगरपालिकेपासून सुरुवात करून खंडव्याचे खासदार आणि भाजपचे प्रदेशाध्यक्ष झालेले नंदकुमारसिंह चौहान यांच्या घराण्यालाही आपल्या गावाची जागा नकाशावर उरली नव्हती. २०१८ मध्ये, मंत्रिपदावर असलेल्या चिटणीस यांना अपक्ष सुरेंद्रसिंह ऊर्फ शेरा यांनी सुमारे पाच हजार मतांनी हरवले. २०२३ मध्ये शेरा काँग्रेसचे उमेदवार झाले, चौहान यांचे चिरंजीव हर्षवर्धनसिंह यांनी भाजपशी बंडखोरी करून अपक्ष अर्ज भरला, मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन म्हणजे एमआयएमनेही उमेदवार दिला, आणि या चौरंगी लढतीत चिटणीस पुन्हा निवडून आल्या. हद्द तीच, मतदार जवळपास तेच. कोण एकवटले आणि कोण फुटले एवढ्यावर निकाल फिरला. जो सर्वाधिक मते घेईल तो जिंकला, मग ती मते निम्म्याहून कमी का असेनात, या आपल्या पद्धतीत नकाशातल्या रेषेचे काम उमेदवारांची यादीही करू शकते.

शेजारच्या नेपानगरने तिसरा प्रकार दाखवला. २०१८ मध्ये तिथे काँग्रेसच्या सुमित्रा कासडेकर निवडून आल्या. जुलै २०२० मध्ये त्यांनी आमदारकीचा राजीनामा देऊन भाजपमध्ये प्रवेश केला आणि नोव्हेंबर २०२० च्या पोटनिवडणुकीत त्याच जागेवर नव्या पक्षाच्या चिन्हावर त्या पुन्हा जिंकल्या. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्ष सोडणाऱ्याची जागा जाते. पण जागा आधीच सोडून दिली तर कायद्याच्या हाती काही लागत नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये २२ आमदारांनी हीच वाट धरल्याने राज्यातले काँग्रेसचे कमलनाथ सरकार गेले होते.

लोकसभा-विधानसभेच्या हद्दी सरकारच्या हाताबाहेर ठेवल्या गेल्या, त्यामुळे सरकारांचा हात जिथे पोहोचतो तिथे तो अधिक मोकळेपणाने चालतो, आणि ती जागा म्हणजे नगरपालिका, महापालिका आणि पंचायती. मतदार आपल्या नगरसेवकाला रोज गटार आणि नळासाठी गाठतो, पण त्या नगरसेवकाचा प्रभाग कोण आखतो हे त्याने क्वचितच विचारलेले असते. बहुतेक राज्यांत प्रभागांची संख्या आणि व्याप्ती ठरवण्याचे अधिकार राज्य सरकारकडे किंवा त्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात, राज्य निवडणूक आयोग पुढची निवडणूक घेतो. त्यात फक्त हद्दच हलते असे नाही. प्रभागात सदस्य एक की चार, महापौर जनतेने निवडायचा की नगरसेवकांनी, आरक्षणाची सोडत कोणत्या क्रमाने फिरणार, या प्रत्येक गोष्टीवर निकाल हलतो, आणि सोडतीत आपला प्रभाग राखीव निघाला की पाच वर्षे राबलेल्या नगरसेवकाला रातोरात शेजारचा प्रभाग शोधावा लागतो.

मध्य प्रदेशात कमलनाथ सरकारने २०१९ मध्ये महापौर नगरसेवकांमधून निवडण्याचा अध्यादेश आणला. राज्यपाल लालजी टंडन यांनी काही दिवस तो रोखून धरला आणि मग सही केली. शहरांत भाजपचे महापौर थेट मतदानात सहज निवडून येत होते, तेव्हा हा बदल कोणासाठी होता हे सांगायला नको. सरकार बदलल्यावर शिवराजसिंह चौहान यांनी २०२२ च्या निवडणुकीआधी महापौर पुन्हा थेट केला, पण नगरपालिका आणि नगर परिषदांचे अध्यक्ष नगरसेवकांमधूनच ठेवले, म्हणजे तत्त्व असे कोणतेच उरले नाही. पंचायतींतही तेच झाले: कमलनाथ सरकारने २०१९ मध्ये केलेले परिसीमन पुढच्या सरकारने नोव्हेंबर २०२१ च्या अध्यादेशाने रद्द केले आणि २०१४ च्या हद्दी व आरक्षण परत आणले; इतर मागासवर्गीयांच्या जागांवर सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि जाहीर झालेली निवडणूक रद्द झाली. अखेर १० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, की हद्दी ठरण्याची वाट न पाहता दोन आठवड्यांत निवडणूक जाहीर करा. हद्दी आखण्याचे काम चालू आहे या सबबीवर निवडणूकच लांबवणे, हा हद्द वाकवण्याचा सर्वांत स्वस्त प्रकार म्हणावा लागेल.

त्या जुलैत बऱ्हाणपूर महापालिकेच्या ४८ प्रभागांत मतदान झाले. महापौरपद महिलेसाठी राखीव होते आणि ते थेट मतांवर होते, म्हणजे गेरींच्या गव्हर्नरपदासारखेच, हद्दींच्या खेळापासून मुक्त. भाजपच्या माधुरी पटेल यांनी काँग्रेसच्या शहनाज अन्सारी यांच्यावर अवघ्या ५४२ मतांनी मात केली आणि एमआयएमच्या उमेदवाराला दहा हजारांहून अधिक मते पडली. काँग्रेसवाल्यांनी याला मतफुटीचा डाव म्हटले, तर एमआयएमचे म्हणणे असे की मुस्लिमांची मते ही कोणत्याही पक्षाची वतनदारी नाही. दोन्ही बोलणी आपापल्या जागी खरी असू शकतात. एखाद्या पक्षाला उभे राहण्याचा हक्क आहे आणि त्याच्या उभे राहण्याने तिसऱ्याचा फायदा होतो, या दोन गोष्टींत विरोध नाही. निम्म्याहून अधिक मते मिळवण्याची अट नसलेल्या पद्धतीत तो फायदा ठरलेलाच आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत शेजाऱ्याला हिणवू नये. मुंबई वगळता इतर महापालिकांत २००२ मध्ये त्रिसदस्यीय प्रभाग होते, २००७ मध्ये एकसदस्यीय, २०१२ मध्ये द्विसदस्यीय आणि २०१७ मध्ये चार सदस्यांचे. पुढे महाविकास आघाडीने आधी एकसदस्यीय आणि मग त्रिसदस्यीय प्रभागांचा निर्णय घेतला आणि एकनाथ शिंदे यांच्या सरकारने चारवर परत आणले. बहुसदस्यीय प्रभागाची खुबी अशी, की चार जागांसाठी चार मते देणारा मतदार बहुधा चिन्ह पाहून चारही बटणे दाबतो, त्यामुळे मोठ्या पक्षाची फळी सरसकट निवडून येते आणि एका गल्लीवर पकड असलेला अपक्ष किंवा लहान पक्ष चौपट मोठ्या प्रभागात हरवून जातो. एका अर्थी ही हद्द न वाकवता केलेली फोडाफोडीच आहे. मुंबईत आघाडी सरकारने २२७ प्रभागांचे २३६ केले आणि पुढच्या सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा २२७ केले. थेट सरपंचही २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये गेला आणि २०२२ मध्ये परतला. मार्च २०२२ मध्ये तर प्रभाग रचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेणारे विधेयक विधिमंडळात सत्ताधारी आणि विरोधक अशा दोघांच्याही संमतीने मंजूर झाले. कारण इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचे दिले गेले, आणि ते कारण खोटे नव्हते, पण हत्यार हाती आले की ते कोणाला नकोसे होत नाही.

प्रभाग रचनेत काही बंधने असतात, नाही असे नाही. जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे एका प्रगणकाने मोजलेला घरांचा संच, शक्यतो फोडायचा नाही. हद्द रस्ता, नाला किंवा रेल्वेमार्ग अशा दिसणाऱ्या खुणेवरून न्यायची. प्रभागांचे क्रमांक शहराच्या उत्तरेकडून सुरू करून दक्षिणेला संपवायचे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवायच्या आणि त्यांवर सुनावणी घ्यायची. पण एका नाल्याऐवजी पलीकडचा रस्ता हद्द म्हणून धरला, की चार-पाच प्रगणक गट, म्हणजे दोन-अडीच हजार माणसे, नियम न मोडता इकडची तिकडे होतात, आणि बऱ्हाणपूरच्या महापौरपदाचा निकाल ५४२ मतांनी लागतो, हे लक्षात घेतले तर प्रभागाच्या निकालाला किती मते पुरतात याचा अंदाज येतो. हरकतींच्या मुदतीत कचेरीत जाऊन भिंतीवरचा नकाशा बारकाईने पाहणारे लोक बहुधा माजी नगरसेवक आणि इच्छुक उमेदवारच असतात.

गोठवलेल्या आकड्यांची मुदत आता संपत आली आहे. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे आणि २०२३ च्या एकशे सहाव्या घटनादुरुस्तीने महिलांना दिलेले लोकसभा-विधानसभेतले आरक्षणही त्यानंतरच्या परिसीमनाशी बांधलेले आहे. देशभरातली चर्चा उत्तर-दक्षिणेच्या जागांभोवती फिरते. बऱ्हाणपूरला प्रश्न पुन्हा भागाकाराचाच आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ७ लाख ५७ हजार ८४७ होती आणि राज्याची ७ कोटी २६ लाखांवर. २३० जागांच्या हिशेबाने उत्तर येते २.४०, म्हणजे दहा वर्षांनीही अपूर्णांक अर्ध्याच्या अलीकडेच अडकलेला. त्याच आकड्यांवर विधानसभेच्या जागा २४० केल्या तर उत्तर येते २.५०४.